पैऱ्याची हजेरी

करिमा परत बांधावर येऊन उभी राहिली.

अनितानं टोमॅटोच्या ओळीत वाकल्या वाकल्याच तिला पाहिलं. पाहिलं, पण मान वर केली नाही. करिमानं डोक्यावरचा पदर सारखा केला, दोन पावलं पुढं टाकली, थांबली, आणि आली तशी माघारी वळली. बोलणं नाही, चालणं नाही. आठवडाभर हेच चाललं होतं.

"बघ, नीट बघून घे," अनिता ओठातल्या ओठात म्हणाली. "अन् जाऊन सांग त्याला, किती क्रेट भरले ते."

'तो' म्हणजे तिचा दीर, विजयसिंह. आता दिरावर असं डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायची पाळी कुणावर येऊ नये, पण अनितावर आली होती, आणि ती काही हवेतून आली नव्हती. नवरा अविराज आजारपणात गेला तेव्हा पिंपळीच्या अख्ख्या भावकीत सगळ्यात मोठ्यानं रडला तो विजयसिंहच. दिवसकार्य उरकलं तसा म्हणाला, "वैनी, तुमी रानाची काळजी करू नका. मी हाय ना!" बिचारीला बरंच वाटलं. वर्षभर त्यानं रान केलं. पहिल्यांदा 'वैनीचं रान' म्हणायचा. मग 'कालव्याकडचं रान' म्हणायला लागला. आणि दिवाळीला पाव्हण्यांसमोर छातीवर हात ठेवून म्हणाला, "माझ्या त्या रानात यंदा ऊस घालतोय." बोट दिलं की मनगट धरतात म्हणतात, तसं झालं. याला तर आता खांद्यापर्यंत हात पाहिजे होता.

अनितानं त्याच रात्री सासऱ्यांपुढं तोंड उघडलं. "आबा, माझं रान मी करणार."

सासरे आबासाहेब गुडघ्यांनी अधू झालेले, पण सातबारा अजून त्यांच्या नावावर आणि शब्दही अजून त्यांचाच चालायचा. विजयसिंह हसला. "कुणासाठी करताय वैनी? मागं ना पोर ना बाळ. घरात दोन घास सुखाचं खावा की." ते वाक्य अनिताच्या काळजात काट्यासारखं रुतलं आणि अजून निघालं नव्हतं. आबा म्हणाले, "एक पीक हिनं एकटीनं काढून दावावं. निभावलं तर रान हिच्याकडं. न्हाय तर विजू करील."

एकटीनं. आबा सहज बोलून गेले असतील, पण विजयसिंहानं तो शब्द झेलला आणि उपरण्याच्या गाठीत बांधून ठेवला. अनितानंही ठेवला. मोटर चालू करायला ती शिकली, फवारणीचा पंप पाठीला लावायला शिकली, ठिबकच्या नळ्या साफ करायला शिकली, स्कूटीवर मागं क्रेट बांधून बारामतीच्या मार्केटला जायला शिकली. सुरुवातीला एकदा फाट्यावर क्रेटसकट आडवी झाली. चार माणसं धावली, तर ही खरचटलेल्या ढोपरानं उठून ओरडली, "कुणी हात लावू नका!" माणसं चाटच पडली. लोक टोमॅटो गोळा करायला वाकतात, आणि ही बया त्यांच्या अंगावर येते!

पण तिचंही खरं होतं. मनात तिनं एक कायदा करून ठेवला होता. मजूर लावला तर चालेल, कारण मजुरी आपण देतो. मदत मात्र घ्यायची नाही, कारण मदत दुसरा देतो, आणि देणारा उद्या कुणापुढं काय बोलेल याचा नेम नाही. कायदा करणारी तीच आणि पोलीसही तीच. छबूकाकूनं कोथिंबिरीची जुडी दिली तरी ही विचारायची, "कशाबद्दल?" काकू म्हणायची, "आगं, कशाबद्दल काय? कालवणात घाल!" विजयसिंह तर रोज गोड हसून विचारायचा, "वैनी, कुणाची मदत लागली तर सांगा बरं का." दुधानं तोंड पोळलेली बाई ताक फुंकून पीत होती, त्यात नवल काय?

करिमाचं प्रकरण सुरू झालं ते रोज्यांच्या महिन्यात. करिमाचं रान अनिताच्या रानाला लागूनच, मधे फक्त बांध. तिचा नवरा नईम पिकअप घेऊन पहाटेच इंदापूर, अकलूजच्या वाटेला लागायचा, त्यामुळं रान करिमाच्याच अंगावर. दोघी वयानं मागंपुढं, अनिता तिला भाभी म्हणायची. अविराज होता तेव्हा दोन्ही घरांचा पैरा चालायचा. पैरा म्हणजे आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. भाकरी ज्याची त्यानं आणायची, चहा रानवाल्यानं द्यायचा, आणि फेड हातानंच करायची. अविराज गेला आणि विजयसिंहानं रान धरलं, तशी ती रीत बंद पडली.

रोज्यांतच एका संध्याकाळी असं वारं सुटलं, की पत्रे उडाले, केळी मोडल्या. रात्रभर अनिताचा डोळ्याला डोळा नाही. टोमॅटो फुलकळीवर आलेले, बांबू आणि तारेवर उभे केलेले. फटफटीत उजाडायच्या आत ती रानात पोचली आणि जागच्या जागी थिजली. निम्म्याहून जास्त ओळी भुईसपाट झाल्या होत्या. आणि त्या ओळींत दोन बाया वाकून बांबू ठोकत होत्या. एक करिमा आणि दुसरी तिची पोटुशी जाऊ अफशीन. रोज्याची सहरी, म्हणजे पहाटेचं खाणं, उरकून तशाच आल्या होत्या.

"ये गं, सुतळी धर," करिमा मान वर न करता म्हणाली. "ऊन वर आलं की झाडं माना टाकतील."

अनितानं आधी सुतळी धरली नाही, आधी रस्त्याकडं पाहिलं. विजयसिंहाची मोटारसायकल कुठं दिसते का, म्हणून. मग गुमान सुतळी धरली. दुपार टळेपर्यंत तिघींनी मिळून रान उभं केलं. त्या दोघींचे ओठ वाळून गेले होते, अफशीन मधेच कंबर धरून बांधावर टेकायची, पण पाण्याचा थेंब कुणी घेतला नाही. अनिताला त्या क्षणी करिमाच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं. खरंच वाटत होतं. आणि तेवढ्यात लांबून, कालव्याच्या पुलावरून, मोटारसायकलचा आवाज आला.

झालं. मनात पाल चुकचुकली. यानं पाहिलं असेल तर? 'एकटीनं' कुठं राहिलं? अनिता रानातल्या झोपडीत गेली, कनवटीचे पैसे काढले आणि बाहेर येऊन करिमाच्या हातात कोंबले.

"हे काय?" करिमानं विचारलं.

"हजेरी. दोघींची दिवसाची मजुरी."

करिमानं हाताकडं पाहिलं, मग अनिताकडं पाहिलं. पाव्हण्यानं जेवून उठताना ताटाखाली पैसे ठेवले, तर घरच्या बाईचं तोंड होईल, तसं तिचं तोंड झालं होतं. वाटलं, आता काही तरी बोलेल, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. पण तिनं मूठ मिटली, "चल गं अफशीन" म्हणाली आणि बांध ओलांडून गेली.

अनितानं स्वतःची समजूत घातली. त्यांनी भाकरी कुठं आणली होती? पैऱ्याची बाई भाकरी बांधून येते. भाकरी नाही म्हणजे मजुरीच की. आता बोला! रोजा धरलेली बाई भाकरी कशी आणेल, हे तिला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण माणसाला स्वतःला फसवायचं असलं की पुरावा कसलाही पुरतो.

त्या दिवसापासून करिमा बोलेनाशी झाली. ईद आली. दरवर्षी ईदला त्या घरातून शीरखुर्म्याचं पातेलं यायचं. यंदा आलं नाही. अनिता दिवसभर दाराकडं बघत होती आणि संध्याकाळी तिनं ठरवूनच टाकलं, की करिमा फुटली. दिराला मिळाली.

मनानं एकदा घेतलं की सगळं जुळत जातं. कालव्याच्या पुलावर करिमा आणि विजयसिंह बोलत उभे होते, अनिताला पाहिल्यावर दोघं दोन वाटेनं गेले. मग छबूकाकूनं तेल ओतलं. "आगं, विजू काल करिमाच्या दारात हुता. चांगला बसून चहा पिला. अन् ती मला इचारत हुती, अनिता रानात कवा येती, कवा जाती, तोडणी कुठल्या दिवशी असती."

"तुमी काय सांगितलं?"

"सांगितलं की खरं ते. त्यात काय लपवायचं?"

अनितानं त्या दिवसापासून तोडणीचे वार बदलले. करिमाच्या बांधावरून जवळची वाट होती, ती सोडली. क्रेट लांबून, ओढ्याच्या अंगानं वाहायला लागली. पाठ मोडून यायची, पण म्हणायची, मोडू दे. अफशीन बाळंतपणाला माहेरी सणसरला गेली, हेही तिला चार दिवसांनी कळलं. आणि मग करिमाचं ते बांधावर येऊन उभं राहणं सुरू झालं. यायची, बघायची, जायची. अनिता मनात म्हणायची, साक्षीदार तयार होतोय, दुसरं काय!

टोमॅटो मात्र झकास आला. बारामतीच्या मार्केटात व्यापाऱ्यांची पहिली बोली तिच्याच मालाला लागायची. आणि एक दिवस संध्याकाळी विजयसिंहानं आबांना मोटारसायकलवर बसवून रानात आणलं. आबा काठी टेकत ओळींमधून हिंडले, एक टोमॅटो तोडून उपरण्याला पुसला आणि तिथंच खाल्ला.

"ब्येस हाय," आबा म्हणाले. "निभावलं पोरीनं."

अनिताचा ऊर भरून आला. पण विजयसिंह खाकरला. "आबा, तुमी 'एकटीनं' म्हणला हुता. आता मी म्हणलो तर वैनीला राग येईल. पर वाऱ्यात ही ओळच्या ओळ झोपली हुती, ती कुणी उभी केली, ते इचारा की." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं बांधापलीकडं हाळी दिली, "करिमाभाभी! जरा हिकडं या!"

आली वेळ. इतके दिवस जी भीती अनितानं पोटाशी धरून पाळली, ती हातातलं खुरपं तसंच घेऊन बांध उतरून येत होती.

"भाभी, तुमच्या रोज्यात खोटं बोलणाऱ्यातल्या तुमी न्हाय, अन् रोज्याबाहेर बी न्हाय," विजयसिंह म्हणाला. आवाज कसा लोण्यासारखा! "वारं झालं त्या सकाळी तुमी हितं हुता का न्हाय?"

"हुते."

"हे रान तुमी उभं केलं का न्हाय?"

"व्हय."

"बघा आबा. म्हंजी शेजारपाजारच्या मदतीवर..."

"मदतीला न्हाय आले," करिमा म्हणाली. ती जमिनीकडं बघत होती. "मजुरीला आले हुते. हजेरी दिली तिनं मला. अफशीनची बी दिली."

विजयसिंहाचा डावच उलटला.

अनिताला आधी काही कळेचना. मग हळूहळू कळलं आणि कानशिलं तापली. करिमाच्या घरचं स्वतःचं रान, स्वतःची गाडी. त्या घरातली बाई कधी कुणाच्या बांधावर मजुरीला गेलेली नव्हती. नईमची आई हयात होती तेव्हा तर म्हणायची, आमच्या सुना दुसऱ्याच्या रानात जातील त्या पैऱ्यालाच. आणि आज तीच सून आबासाहेबांसमोर, विजयसिंहासमोर, खाली मान घालून सांगत होती, मी मजुरीला आले. जो अपमान अनितानं तिच्या मुठीत कोंबला होता, तोच तिनं आज अनितासाठी सगळ्यांसमोर उघडून दाखवला.

आणि यात खोटं तरी काय होतं? हजेरी दिली होती, तिनं घेतली होती. मजूर लावलेला चालतो. रान वाचलं होतं. अनितानं आता फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं. इतके दिवस कुणाशी न बोलून तिनं काढले होते, आणखी घटकाभर गप्प राहायला काय लागत होतं?

"आबा," ती म्हणाली, "हजेरी मी दिली. पर ती मजुरीला आली नव्हती. पैऱ्याला आली हुती. पोटात अन्नाचा कण नसताना दुपारपर्यंत वाकली हुती. अन् मी भाऊजींच्या धाकानं तिच्या हातावर पैसं ठेवलं. माझ्या हातनं पाप झालं. तिला मजूर म्हणू नका."

करिमानं झटकन मान वर केली. "अगं ए येडे, गप की!"

"न्हाय गप बसणार," अनिता म्हणाली आणि घळाघळा रडायला लागली.

विजयसिंहानं टाळी वाजवायचीच काय ती बाकी ठेवली. "मग झालं तर! वैनी सोताच बोलल्या. एकटीनं न्हाय केलं. आबा, तुमचा शब्द हाय."

आबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "विजू, तू वरीसभर हे रान केलंस. तुला कुणी पैरा दिला का रं?"

"मला कशाला पाहिजे पैरा? मजूर लावलं की."

"मागितला हुतास का?"

विजयसिंह घुटमळला. "एकदा मागितला हुता नईमला. ऊसलागणीला. म्हणला, सवड न्हाय."

"सवड न्हाय!" आबा खोऽखो हसले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. "आरं, पैरा कुणाला देत्यात? जो उद्या त्याच रानात असंल अन् फेडायला येईल, त्याला. रानाच्या धन्याला. चार महिन्यांनी दिसंल का न्हाय असल्या माणसाच्या रानात कोण घाम गाळतंय? ह्या भाभीनं हिला पैरा दिला, म्हंजी हितली धनीण कोण ते शेजाऱ्यानं कवाच ठरवलं. मी मागनं काय ठरवणार? अन् एकट्यानं म्हणशील, तर मी उभ्या जन्मात एकट्यानं एक वाफा केला न्हाय. एकटीनं म्हणलो ते तुझ्याबिगर म्हणलो हुतो."

विजयसिंह गाडीकडं गेला आणि उगाचच किका मारत बसला. आबांनी अनिताकडं पाहिलं. या खेपेला ते हसत नव्हते.

"फेडलास का पैरा?"

"न्हाय, आबा."

"मग रडतीस काय? तिचा कांदा बघ जाऊन."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला अनिता भाकरी बांधून करिमाच्या रानात हजर झाली. करिमा म्हणाली, "आलीस?" तेवढंच. खुरपं पुढं केलं आणि स्वतः वाफ्यात बसली.

अनितानं पहिल्या कांद्याची पात धरून उपटली, तर नुसती पात हातात आली आणि कांदा जमिनीतच राहिला. दुसऱ्याचं तेच. पात पार वाळून तुसासारखी झाली होती. हा कांदा केव्हाच निघायला हवा होता. आता एकेक खुरप्यानं उकरायचा आणि उकरून बघावा, तर बुडाशी सडलेला, हातात पचकन फुटणारा. वास नाकात बसला. गावातल्या सगळ्यांचा कांदा एकदमच निघतो, त्या दिवसांत मजूर म्हणाल तर देव भेटेल पण मजूर भेटायचा नाही. अफशीन माहेरी, नईम गाडीवर. करिमा एकटीच उकरत बसली होती. सडक्याचा ढीग वाढत चालला तसा अनिताचा हात जड व्हायला लागला.

"भाऊजी तुझ्या दारात कशाला आला हुता?" तिनं विचारलं.

"म्हणला, आबांनी इचारलं तर खरं तेवढं सांगा. मी म्हणलं सांगते." करिमा खुरपं मारत होती. "खरं काय, ह्याचीच तर पंचाईत झाली हुती. पैरा म्हणावं, तर तुझं रान जातंय. मजुरी म्हणावं, तर माझी लाज जाती."

"अन् छबूकाकूला माझ्या तोडणीचा वार कशाला इचारत हुतीस?"

"तुझी तोडणी नसंल त्या दिवशी तुला कांद्याला बोलवावं म्हणून."

अनिताचं खुरपं थांबलं. "म्हणून बांधावर यायचीस?"

"म्हणून."

"मग हाक का मारली न्हाईस गं, भाभी?"

करिमानं एक कांदा उकरला, दाबून बघितला आणि सडक्या ढिगावर टाकला. "हजेरी घेतलेल्या बाईनं पैरा कसा मागायचा?"

इतके दिवस अनिता मान खाली घालून हिला पाहत होती आणि मनात शिव्या मोजत होती, आणि पलीकडं वाफ्यावाफ्यानं हिचा कांदा सडत होता. तिला स्वतःची शरम वाटली, अशी की ऊन सोसवेना. ती आणखी वाकली आणि भराभर उकरायला लागली. दुपारी दोघींनी आपापली भाकरी सोडली. करिमानं चहा केला. रीतीप्रमाणं रानवालीनं करायचा तसा.

चहा पिता पिता अनिता म्हणाली, "परवा माझी तोडणी हाय. येशील?"

करिमानं कप खाली ठेवला आणि डोळे बारीक करून तिच्याकडं पाहिलं. आता संशय घ्यायची पाळी तिची होती.

"कशाला गं? तुझं तर एकटीचं चांगलं चालतंय की."

"चालतंय," अनिता म्हणाली. "तरी ये."